थंड हवा फेकणारा हीटर : एक घरगुती निदान
(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या हीटरवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. कथा, कविता, फार तर एखादे प्रवासवर्णन, एवढीच आमच्याकडून अपेक्षा असते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत जिथे डांबर पायाला चिकटते त्या देवळ्यात हीटर हवाच कशाला, असाही प्रश्न कोणी विचारील. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचे उत्तर आधी देते.

आपला कसमादे पट्टा, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा, उन्हाळ्यात जेवढा तापतो तेवढाच पौष महिन्यात गारठतो. शेजारच्या निफाड तालुक्यातील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतोच. नेमक्या याच दिवसांत लाल कांद्याचा हंगाम भरात असतो. लासलगावच्या बाजारात लवकर नंबर लागावा म्हणून कांद्याच्या गाड्या भल्या पहाटे निघतात. विंचूर-प्रकाशा रस्त्याने भावडघाट ओलांडून चांदवडकडे जायचे, तर घाटात अंधार, वळणे आणि समोरून येणारी अवजड वाहने. केबिनमध्ये चालक, शेतकरी आणि एखादा हमाल असे तिघे दाटीने बसलेले. काचा थंडीमुळे बंद. अशा वेळी तिघांच्या श्वासाने समोरच्या काचेवर आतून वाफ धरते. समोरच्या गाडीचा दिवा त्या वाफेवर पडला की सगळी काच दुधासारखी पांढरी होते आणि रस्ता दिसेनासा होतो. चालक एका हाताने फडके फिरवतो आणि दुसऱ्या हाताने वळण घेतो. सांगायचे एवढेच की, आपल्याकडे हीटर ही चैनीची वस्तू नाही. बसणाऱ्याचे पाय गरम राहोत वा न राहोत, चालकाची काच स्वच्छ राहिली पाहिजे.

आता पहिला प्रश्न. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, भाड्याने मालवाहू पिकअप चालवतात. त्या एका गाडीवर घर चालते आणि माझी फीही त्यातूनच भरली जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तेव्हा गाडीत बिघाड झाला की तो माझ्याही अभ्यासाचा विषय होतो. गेल्या हिवाळ्यात त्या गाडीचा हीटर गरम हवा देईना. त्याचे कारण शोधताना तर्कशास्त्राच्या तासाला शिकलेल्या गोष्टी इतक्या उपयोगी पडल्या की, ते सर्व इतरांच्याही कामी यावे असे वाटले. म्हणून हा प्रपंच.

इंजिन म्हणजे लोखंडी बंब

हीटरचा दोष समजण्यासाठी आधी त्याचे काम समजले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की, गाडीच्या हीटरमध्ये विजेची तार तापते. काही गाड्यांत तशी जोड असते. परंतु पेट्रोल वा डिझेलच्या गाडीत केबिनला मिळणारी मुख्य ऊब इंजिनाच्या पाण्याची असते.

आपल्या घरातील आंघोळीचा तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आणावा. मधल्या नळीत तुऱ्हाट्या नाहीतर पऱ्हाट्या जळतात आणि भोवतालचे पाणी तापते. इंजिनाची रचना तत्त्वतः अशीच असते. मधल्या सिलिंडरमध्ये इंधन जळते आणि त्याच्या भोवती पाणी खेळत असते. जळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली या पाण्यात उतरते. पाण्यातली ही उष्णता बाहेर टाकली नाही तर इंजिन जळून जाईल. म्हणून पंप ते पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये पाठवतो आणि तेथे वाऱ्याने ते निवते.

याच तापलेल्या पाण्याची एक छोटी फांदी दोन होजपाइपांतून डॅशबोर्डच्या आत नेलेली असते. तेथे वहीच्या आकाराचा एक लहानसा रेडिएटर बसवलेला असतो. त्याला हीटर कोअर म्हणतात. त्याच्यामागे पंखा असतो. पंख्याची हवा त्या कोअरमधून गेली की गरम होते आणि झडपांच्या साहाय्याने पायांकडे किंवा काचेकडे वळवली जाते. म्हणजे हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही; इंजिनाला नको असलेली उष्णता तो आपल्याकडे वळवून घेतो. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत अशी फुकटची उष्णता फारशी नसते; तेथे केबिनच्या उबेसाठी बॅटरीचीच वीज खर्चावी लागते आणि थंडीत गाडीचा पल्ला कमी होण्याचे ते एक कारण आहे.

या व्यवस्थेत आणखी एक पात्र आहे आणि आमच्या कहाणीचा नायक तेच आहे. ते म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन व रेडिएटर यांच्यामधल्या वाटेवर बसवलेला हा दरवान होय. त्याच्या पोटात मेणाची एक कुपी असते. इंजिन थंड असताना मेण घट्ट असते आणि दार बंद असते. त्यामुळे पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरून लवकर तापते. पाणी सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअसला पोचले की मेण वितळून फुगते, दांडा ढकलते आणि दार उघडते. किती अंशांवर ते उघडू लागते तो आकडा बहुधा थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. ८२ किंवा ८८ हे आकडे नेहमी आढळतात.

परीक्षेचा क्रम

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कार्यकारणसंबंध शोधण्याच्या पद्धती सांगितल्या आहेत, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. त्यांचे सार असे की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणामात काय फरक पडतो ते पाहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कदाचित सुधारेल, पण कारण कळणार नाही. याला मी व्यवहारातला एक नियम जोडते : फुकटची परीक्षा आधी, पैशाची नंतर.

पहिला प्रश्न असा विचारावा की, हवा येत नाही की उष्णता येत नाही? हे दोन निराळे रोग आहेत. पंखा मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. तो जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. त्या जागी तार किंवा पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळण्याची चाल फार घातक आहे, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावरच चालत असेल तर वेग कमी करणारा रेझिस्टर बहुधा गेलेला असतो. पंखा फिरतो, आवाजही येतो, पण हवा मंद असेल तर काचेच्या खालची बाहेरची जाळी आणि फिल्टर असल्यास तो तपासावा. कडुनिंबाची पाने आणि कांद्याचे पापुद्रे तेथे हमखास साठतात.

हवा जोरात येते पण थंड येते, असे असेल तर रोग पाण्याच्या बाजूचा किंवा झडपेचा असतो. इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, कूलंटची पातळी पाहावी. पाणी कमी झाले की अनेक गाड्यांत त्याची जाणीव पहिल्यांदा हीटरला होते, कारण त्याच्या वाटेत हवा शिरते. म्हणून चांगला चालणारा हीटर एकाएकी थंड पडला आणि त्याच वेळी तापमानाचा काटा वर चढू लागला, तर तो नुसता हीटरचा बिघाड समजू नये. गाडी तिथेच थांबवावी, कारण इंजिनाचे पाणी संपत आले असण्याचा संभव असतो.

पातळी ठीक असेल तर गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून आणावी. उभ्या गाडीचे डिझेल इंजिन नुसते चालू ठेवून फार सावकाश तापते. नंतर इंजिन बंद करून बॉनेट उघडावे आणि केबिनकडे जाणारे दोन्ही होजपाइप हाताने चाचपावेत. जाड फडक्यातून आधी अंदाज घ्यावा, कारण पाइप चटका देण्याइतके गरम असू शकतात. पंख्याचे पाते आणि पट्टा यांपासून हात, ओढणी व बाह्या दूर ठेवाव्यात. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

या स्पर्शाची तीन उत्तरे संभवतात. दोन्ही पाइप चांगले गरम असतील तर पाणी आपले काम करते आहे. दोष आतल्या झडपेचा किंवा तिच्या तारेचा असतो. नॉब फिरवताना झडप हलल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. निसटलेली तार पुन्हा अडकवली की हे काम अनेकदा तेथेच संपते. एक पाइप गरम आणि दुसरा थंड असेल तर कोअर क्षारांनी तुंबला आहे किंवा हीटरचा कॉक बंद पडला आहे. दोन्ही पाइप थंड किंवा कोमट असतील तर गरम पाणी तेथवर पोचतच नाही : हवा अडकली असेल, पंप कमजोर असेल, नाहीतर इंजिनाचे पाणीच मुळात तापत नसेल.

आमच्या गाडीचा दाखला

आमच्या गाडीत पंखा चांगला होता. पातळी बरोबर होती. हवा मात्र गार. एका गॅरेजमध्ये आप्पांना सांगण्यात आले की कोअर तुंबला आहे, डॅशबोर्ड उघडून नवा टाकावा लागेल. हंगामाच्या दिवसांत गाडी दोन-तीन दिवस उभी ठेवायची आणि वर काही हजार रुपये मोजायचे, हे आमच्या घराला परवडणारे नव्हते. नाही करावे तर रोज पहाटे घाट होताच. आई तेव्हा आप्पा घरी परत येईपर्यंत निर्धास्त नसे.

एका रविवारी आम्ही वर सांगितलेला क्रम धरला. दोन्ही पाइप आप्पांनी चाचपले. दोन्ही सारखेच कोमट निघाले. कोअर तुंबला असता तर एक गरम आणि दुसरा थंड लागला असता. म्हणून गॅरेजचे निदान तेथेच संशयास्पद ठरले. मग तापमानाचा काटा पाहिला. सपाट रस्त्यावर वेगात जाताना तो पावाच्याही खाली राहत होता आणि घाट चढताना तेवढा वर येत होता. याचा अर्थ इंजिनच थंड चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करून मी रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपाला हात लावून उभी राहिले. थर्मोस्टॅट ठीक असेल तर हा पाइप बराच वेळ थंड राहतो आणि दार उघडताच थोड्या वेळात गरम होतो. आमचा पाइप मात्र पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला. म्हणजे दरवान दार उघडे टाकून झोपलेला होता, किंवा जागेवरच नव्हता.

निष्कर्ष पक्का करण्यासाठी आणखी एक प्रयोग केला. लडाखकडच्या रस्त्यांवरचे ट्रकचालक हिवाळ्यात रेडिएटरपुढे पोते किंवा पुठ्ठा बांधतात. आम्हीही पुठ्ठ्याने रेडिएटरचा निम्मा भाग झाकला आणि काट्यावर नजर ठेवून गाडी सौंदाण्याच्या रस्त्याने थोडी फिरवून आणली. काटा वर सरकला आणि हीटरची हवा उबदार झाली. पुठ्ठा काढला, काटा खाली आला आणि हवा पुन्हा गार झाली. मिलच्या भाषेत ही सहचारी परिवर्तनाची पद्धत : एक गोष्ट वाढली की दुसरी वाढते, कमी झाली की कमी होते, तेव्हा त्यांचा संबंध मानावा. आप्पा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी मिलचे नाव ऐकलेले नाही, पण पुठ्ठ्याची युक्ती त्यांचीच होती. (पुठ्ठा ही परीक्षा आहे, इलाज नव्हे. तो विसरून घाट चढला तर इंजिन तापेल.)

मग थर्मोस्टॅटचे घर उघडले, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! रिकामी जागा आणि जुने गॅस्केट. आप्पांनी कपाळाला हात लावला. आदल्या मे महिन्यात गाडी घाटात तापत होती. तेव्हा कोठेतरी एका मिस्त्रीने, आपल्या उन्हाळ्यात याची गरजच काय, असे म्हणून तो काढून टाकला होता. ही समजूत आपल्याकडे फार पसरलेली आहे. त्याने गाडी तापायची थांबली आणि सगळे समाधानी झाले. मे महिन्यात केलेल्या इलाजाचा दोष डिसेंबरात हीटरच्या रूपाने बाहेर आला. मधल्या सात महिन्यांत थंड इंजिनाने डिझेल जास्त खाल्ले असणार, शिवाय थंड इंजिनाची झीजही अधिक होते. त्याचा हिशेब कोणी मांडला नव्हता. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने पाण्याची वाट बदलते आणि इंजिन उलट जास्तच तापते.

पण येथे थांबून चालणार नव्हते. नवा थर्मोस्टॅट बसवला तर हीटर सुधारेल. मात्र मे महिन्यात गाडी मुळात का तापत होती? त्याचे उत्तर मिळाले नाही तर उन्हाळ्यात जुने दुखणे परत येणार. म्हणून रेडिएटरच्या जाळीवर बॅटरीचा उजेड टाकून पाहिले. जाळीच्या फटी माती, किडे आणि कांद्याच्या पापुद्र्यांनी लिंपल्यासारख्या भरल्या होत्या. वाऱ्याला वाटच नव्हती. खरा रोग तो होता. थर्मोस्टॅट काढणे म्हणजे त्या रोगावर घातलेली चादर होती.

दुरुस्ती

थर्मोस्टॅट काही शेकड्यांत मिळतो. बसवण्यापूर्वी त्याची परीक्षा घरी करता येते. जुन्या, स्वयंपाकात न लागणाऱ्या पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने असा टांगावा की तळाला लागणार नाही. पाणी तापू लागले की कोरलेल्या आकड्याच्या आसपास त्याचे दार किलकिले होते आणि उकळीपर्यंत चांगले उघडते. बाहेर काढून निवू दिला की ते पुन्हा मिटते. ताप मोजण्याची डॉक्टरी नळी येथे चालत नाही. शंभर अंशांपर्यंतची प्रयोगशाळेतली नळी लागते. आमच्या धाकट्या भावाने ही परीक्षा तीनदा करायला लावली, इतकी ती प्रेक्षणीय आहे.

इंजिन पूर्ण थंड असताना थोडे कूलंट स्वच्छ बादलीत काढावे. घराचे बोल्ट सोडून जुने गॅस्केट खरवडून जागा साफ करावी. मेणाच्या कुपीची बाजू इंजिनाकडे ठेवून थर्मोस्टॅट बसवावा, त्यावर हवा जाण्याचे बारीक छिद्र असेल तर ते वरच्या अंगाला ठेवावे, नवे गॅस्केट घालून बोल्ट सारखे आवळावेत.

नंतर आत अडकलेली हवा काढावी लागते. पाइपलाइनमध्ये हवा अडकली की विहिरीचे पाणी शेतात पोचत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. गाडीचेही तसेच आहे. आमच्या खळ्याच्या चढावर गाडीचे तोंड वर येईल अशी ती उभी केली, हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावले. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवला. थंड इंजिनाचे झाकण उघडून कूलंट भरले, मग इंजिन सुरू केले. बुडबुडे येत गेले, पातळी उतरत गेली, तशी भर घातली. पाणी फार तापण्याआधी झाकण लावले. डॅशबोर्डमागून येणारी खळखळ थांबली, म्हणजे हवा निघाली असे समजावे. गाडी फिरवून आणून पूर्ण निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

रेडिएटरची जाळी आतल्या बाजूने बाहेर, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, पाण्याच्या साध्या धारेने धुतली. मोटारीच्या जोरदार धारेने पातळ पत्र्या मुडपतात. त्या दिवशी निघालेला गाळ पाहून, गाडी तापत होती यात नवल काहीच वाटले नाही.

ज्यांच्या गाडीचा कोअर खरोखर तुंबलेला असेल त्यांनी दोन्ही पाइप सोडून, पाणी नेहमी ज्या वाटेने बाहेर येते त्या तोंडातून हलक्या धारेने स्वच्छ पाणी सोडावे आणि ते गढूळ यायचे थांबेपर्यंत चालू द्यावे. येथे एक इशारा आवश्यक आहे. ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढण्यासाठी आपल्याकडे आम्ल सोडतात. तेच आम्ल कोअरमध्ये घालण्याचा मोह होतो. कोअर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि आम्ल त्याला भोके पाडते. तुंबण्याचे मूळ कारण पुष्कळदा बोअरचे पाणी हेच असते. ज्या पाण्याने बंबाच्या आत पांढरे खवले धरतात, त्याच पाण्याने कोअरच्या बारीक नळ्या बुजतात. म्हणून कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी यांचे बाटलीवर सांगितलेले मिश्रण वापरावे. सामान्यतः ते निम्मे-निम्मे असते. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, पण गंज आणि क्षार यांची आहे.

काय करू नये

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी कुकरप्रमाणे दाबाखाली असते. झाकण निघताच ते उसळून चेहरा व हात भाजतात. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. थंडीत झोपण्यासाठी केबिनमध्ये शेगडी पेटवणे तर मरणाला बोलावणे आहे, कारण दोन्हींतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोडसर आणि विषारी असते. कुत्री, वासरे ते चाटतात.

केबिनमध्ये गोडसर वास, पायाखालची ओली चटई आणि काचेवर चिकट थर ही कोअर गळत असल्याची लक्षणे होत. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, ऑइलला दुधाच्या चहासारखा रंग आणि कोठेही गळती न दिसता कमी होणारे पाणी ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे. तेथे घरगुती उपाय संपतात. गाडी जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावी.

हीटर दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवणे भाग असेल तर हवेचा खटका बाहेरची हवा घेण्यावर ठेवावा. धूळ आणि गारठा नको म्हणून पुष्कळ चालक तो आतल्या हवेवर ठेवतात. मग तिघांच्या श्वासातला ओलावा आतच फिरत राहतो. हवा काचेकडे वळवावी आणि बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी. एसी असेल तर तो थंडीतही लावावा, कारण तो हवेतला ओलावा काढून घेतो. थोडी थंडी सोसावी, पण रस्ता दिसला पाहिजे.

उपसंहार

आमचा हीटर आता चांगला चालतो. हिवाळ्यात भावडघाटात काच स्वच्छ राहिली. त्यापेक्षा मोलाची गोष्ट अशी की, यंदाच्या मे महिन्यात भरल्या गाडीने तोच घाट चढताना काटा मधोमध राहिला.

या खटाटोपातून मला जे कळले ते हीटरपुरते नाही. दोष जेथे दिसतो तेथे तो असतोच असे नाही, आणि जेव्हा दिसतो तेव्हाच तो जन्मलेला असतो असेही नाही. हवा थंड होती केबिनमध्ये, उणीव होती इंजिनात आणि मूळ कारण होते जाळीच्या मातीत. लक्षण दडपणारा इलाज स्वस्त वाटतो, पण त्याची किंमत दुसऱ्या ऋतूत, दुसऱ्याच ठिकाणी वसूल होते. शेतीत, घरात, गावच्या कारभारात याची उदाहरणे वाचकांना सहज सापडतील.

कला शाखेचे शिक्षण पोटाला काय देणार, असे आम्हांला नातेवाईक नेहमी विचारतात. पुस्तकाने माझ्या हातात पान्हा दिला नाही, हे खरे. तो आप्पांच्या हातात आधीपासूनच होता. त्यांच्या बोटांना पाइपाची ऊब कळत होती, ती मला कळत नव्हती. पण कोणता प्रश्न आधी विचारायचा आणि कोणते उत्तर मिळाले म्हणजे कोणती शंका सोडून द्यायची, हा क्रम मी वर्गातून घरी नेला. हाताने पुरावा दिला आणि पुस्तकाने त्याची संगती लावली. शिकलेल्या मुलीने बापाच्या धंद्यापासून दूर जावे असे म्हणतात. मला मात्र शिक्षणामुळेच त्या धंद्यातले ज्ञान दिसू लागले. ज्या घरांतून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात आले आहे, त्या माझ्या मित्रमैत्रिणींनी आपापल्या घरच्या विहिरीच्या पंपाकडे, शिवणयंत्राकडे किंवा गिरणीकडे एकदा याच नजरेने पाहावे, एवढीच विनंती.